बाळकुमचा लाभार्थी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. डोंबिवली.

आजपासून रोजनिशी. पुढे आत्मचरित्र लिहिताना तारखांसाठी डोकं खाजवत बसायला नको.

फाउंडेशनची ईमेल आली. निवड झाली. ठाणे जिल्ह्यातून आम्ही बाराजण. विषय: विकसनशील देशांमधलं दारिद्र्य कमी करण्याच्या रणनीती. प्रत्येकाने एक गरीब कुटुंब निवडायचं, तीन महिन्यांत त्याला वर काढून दाखवायचं. मे महिन्यात समिती येऊन बघणार. बारातल्या एकाला दोन वर्षांची पगारी फेलोशिप आणि नैरोबीच्या परिषदेत भाषण. उरलेल्या अकराजणांबद्दल मला आत्ताच वाईट वाटतंय.

मॉडेलचं नाव ठरवलं. रिसबूड मॉडेल. मॉडेल अजून ठरायचंय.

ऐश्वर्याला सांगितलं. बायको ठाण्याला सरकारी ऑफिसात क्लार्क आहे, त्यामुळे तिची दृष्टी फाइलच्या दोरीएवढी. म्हणाली, पगार कधीपासून? मी म्हणालो, फेलोशिप मिळाली की. ती म्हणाली, ३१ मेपर्यंत वाट बघते, नाही मिळाली तर २ जूनपासून दादाच्या युनिटमध्ये स्टोअरकीपर. दादा म्हणजे माझा मेहुणा. एमआयडीसीत त्याचं केमिकलचं युनिट आहे. तिथे दिवसभर निळे ड्रम सांभाळायचे. मी लगेच कबूल केलं. जे होणारच नाही ते कबूल करायला आपलं काय जातं?

कोचिंग क्लास मी तत्त्वासाठी सोडला हे ती सोयीस्करपणे विसरते. मालक म्हणाला होता, अर्थशास्त्र शिकवू नका, पेपरात येतं तेवढं शिकवा. माझ्या बॅचला तेव्हा चार मुलं उरली होती हा निव्वळ योगायोग.

६ फेब्रुवारी. रात्रीचं जेवण नको, पोट भरलंय.

घोडबंदर रोडच्या हॉटेलात ओरिएंटेशन. एसी इतका की दारिद्र्यावर बोलताना सगळ्यांचे दात वाजत होते. बुफेला पनीरचे तीन प्रकार. जगात दारिद्र्यात जगणारे आणि दारिद्र्यावर जगणारे यांची संख्या आता सारखी होत आली असावी. या ढोंगाचा मला संताप आला. गुलाबजाम मात्र गरम होते.

आमच्या प्रोग्रॅम ऑफिसर ब्रेंडा मॅडम. इथल्याच, जुन्या ख्रिस्ती शेतकरी घरातल्या. मराठी माझ्यापेक्षा फास्ट. म्हणाल्या, आधी विचारा, मग द्या. कुटुंबाला काय हवंय ते ऐका. मी हात वर करून विचारलं की डॉक्टर पेशंटला विचारून औषध देतो का. मॅडमनी माझं नाव विचारून वहीत लिहून घेतलं. मुद्दा पोचला.

शहापूरची कृतिका नावाची एक मुलगी शेजारी बसली होती. सगळं लिहून घेत होती. अशांचं पुढे काही होत नाही.

११ फेब्रुवारी.

गरीब शोधण्यात आठवडा गेला. डोंबिवलीत एकही शिल्लक नाही. म्हणजे आहेत, पण सगळे घेतलेले. पहिल्या वस्तीतल्या बाईने विचारलं, तुम्ही कुठल्या संस्थेचे? आमच्याकडे सोमवारी पाणीवाले येतात, बुधवारी पोषणवाले, शनिवारी मुलींना कराटेवाले. गुरुवार रिकामा आहे, चालेल का? दुसऱ्या वस्तीत एकाने माझाच फोटो काढला आणि म्हणाला, आमच्याकडे येणाऱ्यांचा आम्ही रेकॉर्ड ठेवतो.

वापरलेला गरीब मला नको. रिसबूड मॉडेलला कोरा पाहिजे.

१४ फेब्रुवारी. सापडला!

ठाणे स्टेशनवरून बस चुकीची पकडली आणि बाळकुमला उतरलो. सगळीकडे टॉवर. तिसाव्या मजल्यापर्यंत मान वर करून पाहिलं तर चक्कर येते. आणि त्या टॉवरांच्या मधोमध एक बैठं कौलारू घर. अंगणात जवळा वाळत घातलेला. कोंबड्या. ओट्यावर एक म्हातारा, अंगात बनियन, कमरेला रुमाल गुंडाळलेला, पाय अनवाणी. बायको खाली बसून बोंबील साफ करतेय. माझे डोळे भरून आले. विकासाच्या जंगलात विसरलेली माणसं.

नाव काळुराम. बायको गोदा. नमस्कार केला आणि सरळ पहिला प्रश्न विचारला, दोन वेळचं जेवण मिळतं का? काळुराम माझ्याकडे बघतच राहिला. मग आत वळून हाक मारली की ताट वाढ, मानूस उपाशी आलाय. माझं वाक्य त्याला कळलंच नाही. आकलनशक्ती कमी. नोंद केली.

ताट मात्र आलं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. आमच्या घरी मासे चालत नाहीत, पण लाभार्थीचा विश्वास संपादन करणं ही पहिली पायरी. दोनदा संपादन केला.

१७ फेब्रुवारी.

बेसलाइन सर्वे. चित्र भीषण आहे.

घरं किती, असं विचारलं. काळुराम बराच वेळ आठवत बसला, बोटं मोडली, शेवटी म्हणाला, मोजली नाय कवा, विकीला विचारावं लागंल. विकी म्हणजे पुतण्या. माणसाला स्वतःचं एक घर मोजता येत नाही. अंकज्ञान: शून्य.

जमीन? त्याने हात पसरून समोरचे सगळे टॉवर दाखवले. म्हणाला, ही सगली आमचीच व्हती, बापाची मिठागरं व्हती त्याच्या पन पल्याड. माझ्या अंगावर काटा आला. यांच्या जमिनीवर सात टॉवर उभे राहिले आणि हे बिचारे मध्ये जवळा वाळवत बसलेत. बिल्डरने काय दिलं, असं विचारल्यावर म्हणाला, दिलं ना, बरंच दिलं. गरिबाला दहा रुपये पण बरेच वाटतात.

व्यवसाय? काय नाय करत, म्हणाला. बेरोजगार.

अंगणात कुणाची तरी पांढरी जंगी गाडी लावलेली असते. काळुराम रोज सकाळी फडक्याने पुसतो. फुकट राबवून घेतात. मी चिडून विचारलं, कोणाची आहे? तर म्हणाला, माझीच. शोषिताने शोषकाची वस्तू आपली मानायला लागणं, ही गुलामगिरीची शेवटची पायरी. यावर नैरोबीत वेगळी स्लाइड.

जाताना गोदाने डब्यात कालवण दिलं. ऐश्वर्याने डबा दोनदा धुतला, पण त्याआधी रिकामा केला.

२५ फेब्रुवारी.

आता आठवड्यातून चारदा जातो. जेवायच्या वेळेला गेलं की दोघं घरात सापडतात.

एक चांगली खूण: लाभार्थी आता मलाही प्रश्न विचारायला लागलाय. जिज्ञासा जागी झाली. आज विचारलं, मास्तर, घरात कमावतं कोन? मी सांगितलं, सध्या बायको. घर सोताचं हाय का? भाड्याचं. गाडी? नाही, बसने येतो. पोरंबाळं? नाहीत. नोकरी सुटून किती झालं? मोकळेपणाने सगळं सांगितलं, त्याशिवाय जवळीक होत नाही. गोदा हातातलं काम थांबवून ऐकत होती. च् च् करत होती. तिच्यात सहानुभूती हा गुण अजून शिल्लक आहे, दारिद्र्याने मारलेला नाही.

निघताना डब्याबरोबर नारळही दिला. देण्याची सवय लागतेय. आत्मसन्मान वाढतोय.

१२ मार्च.

कौशल्य प्रशिक्षण. गोदाला मेणबत्त्या बनवायला शिकवायला गेलो. साचे, मेण, वात, सगळं घेऊन. तिने शांतपणे पाहिलं आणि विचारलं, कोन घेल? मी म्हणालो, लाइट गेल्यावर या टॉवरमधले लोक. ती म्हणाली, त्यांच्याकडं जनरेटर हाय र बाबा, दर बिल्डिंगला.

नकारात्मकता हे दारिद्र्याचं मूळ आहे. तरी सहा मेणबत्त्या बनवून आलो. गोदाने त्या देव्हाऱ्यापाशी ठेवल्या आणि लावल्या नाहीत. ब्रँडिंग कमी पडलं.

ब्रेंडा मॅडमचा फोन. कुटुंबाला काय हवंय ते विचारलं का? मी सांगितलं, त्यांना काय हवंय हे त्यांना कळत असतं तर ते गरीब राहिले असते का?  मॅडम म्हणाल्या, पत्ता पाठवून ठेवा, आम्ही १० मेला येऊ.

पत्ता मुद्दाम पाठवला नाही. दुसऱ्या फेलोंनी माझा लाभार्थी पळवला तर?

२ एप्रिल.

धक्का. काळुरामच्या नातीचं, दिशाचं लग्न. ४ मे. आदल्या दिवशी हळद. पत्रिका दिली, मखमलीची. कर्ज काढलं असणार.

मी दोन तास समजावलं. रजिस्टर करा, हार घाला, पेढे वाटा. गरीब देशांत लग्नाचा खर्च हा अनुत्पादक खर्च असतो. काळुराम मान हलवत ऐकत होता. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, मास्तर, तुमच्या घरचं काय कार्य राहिलंय का? सांगा, बगू आपन. मी म्हणालो, विषय बदलू नका.

ऐश्वर्याने जेवताना विचारलं, मेच्या आत काही होणार आहे का, की दादाला सांगून ठेवू? हिच्या प्रत्येक वाक्याला निळ्या ड्रमचा वास येतो.

१९ एप्रिल.

रामबाण सुचला. मत्ता हस्तांतरण. जगभर याच रणनीतीचा बोलबाला आहे: गरिबाला पैसे देऊ नका, जनावर द्या. जनावर वाढतं, दूध देतं, पिल्लं देतं, गरीब वर येतो. फाउंडेशनने प्रकल्पखर्चासाठी दिलेला पहिला हप्ता तसाच पडून आहे. शेळी घ्यायची. १० मेपर्यंत पिल्लू, समितीसमोर दूध काढायचं प्रात्यक्षिक. नैरोबी.

ऐश्वर्या म्हणाली, तू आयुष्यात शेळी कधी जवळून पाहिलीस? मी म्हणालो, धरणं बांधणारे धरणात राहत नाहीत.

१ मे. सुट्टी, पण मला नाही.

कल्याणच्या बाजारातून शेळी आणली. विकणाऱ्याने खात्री दिली की गाभण आहे. धिप्पाड. दाढी आहे, त्यावरून परिपक्वता कळते. टेम्पोवाल्याने सगळी वाट माझ्याकडे बघून हसत गाडी चालवली. अशिक्षितांना शेतीपूरक व्यवसाय म्हणजे विनोद वाटतो.

बाळकुमला पोचलो तर अंगणात मांडव. मी शेळी काळुरामच्या हातात दिली. दोरी त्याच्या मुठीत ठेवून मूठ दोन्ही हातांनी दाबली. काळुरामही हेलावला. मला मिठी मारली. म्हणाला, मास्तर, सोताचं असं असून तू माझ्या दारात हे आनलंस. पाहुण्यांना बोलावून दाखवलं, बोकड बगा कसा आनलाय मास्तरनं. पाहुण्यांनी पाठीवरून हात फिरवून वजनाचा अंदाज घेतला.

लाभार्थीला शेळी आणि बोकड यातला फरक कळत नाही. प्रशिक्षण वर्ग घ्यावा लागेल. गोदाला दूध दिवसातून दोनदा काढ म्हणून सांगितलं, तर ती पदर तोंडात कोंबून आत पळाली. इतका आनंद त्या घराने किती दिवसांनी पाहिला असेल.

४ मे.

काल हळद.

अपव्यय. भयानक अपव्यय. रस्ता अर्धा बंद, बँजो, स्पीकरची भिंत, हजारो माणसं. बायकांच्या अंगावर कोपरापर्यंत बांगड्या, गळ्यात पाटीएवढे हार. एवढं इमिटेशन एका जागी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. गरिबीची हौस बघून काळीज तुटलं.

मला मानाने पहिल्या पंगतीत बसवलं. काळुराम स्वतः वाढायला. भाकरी आणि मटण. मटण घरच्या मसाल्याचं, झणझणीत, बोटं चाटत राहावी असं. तीनदा घेतलं. काळुराम आग्रहाने म्हणत होता, घे मास्तर, तुझाच हाय. मला वाटलं, आपुलकी.

आज सकाळी शेळीला चारा द्यावा म्हणून मागच्या अंगणात गेलो. दोरी होती.

५ मे.

रात्रभर विचार केला. चूक कोणाचीच नाही. म्हणजे त्यांचीच आहे. लग्नघराच्या दारात दोन दिवस आधी जनावर आणलं तर ते आहेर म्हणून आणलेलं असतं, एवढंच त्या लोकांना कळतं. इथली रीत. काळुरामला विचारलं तर तो म्हणाला, मग काय पाळायला आनला व्हतास? आणि हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

समितीपुढे मांडणी: मत्तेचं योग्य वेळी रोखीकरण. सामाजिक भांडवलात गुंतवणूक. पाच हजार लोकांच्या पोटात गेलं, म्हणजे लाभार्थींची संख्या एका कुटुंबावरून पाच हजारांवर. या दृष्टीने पाहिलं तर बाकी अकराजण माझ्या जवळपासही नाहीत.

ऐश्वर्याला सांगितलं नाही. तिने विचारलं, शेळी काय म्हणतेय? मी म्हणालो, चांगली होती.

१० मे. मुख्य दिवस.

समिती आली. ब्रेंडा मॅडम आणि दोन सद्गृहस्थ, दोघांच्या गळ्यात ओळखपत्रं, जणू हरवले तर कुणीतरी परत आणून देईल. पत्ता मी त्यांना गाडीत बसल्यावर सांगितला. वाटेवर मॅडम एकदा मागे वळून माझ्याकडे बघत राहिल्या.

ओट्यावर काळुराम, बनियन, रुमाल. मी प्रास्ताविकाला सुरुवात करणार तोच मॅडम पुढे जाऊन त्याच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, काळुराम काका, तुमी? काका म्हणाला, अगं ब्रेंडा, पप्पा कसा हाय? ऑफिसचा एसी केला का बरा? मी सांगितलेला मानसाला.

आमच्या फाउंडेशनचं ठाण्यातलं ऑफिस काळुरामच्या गाळ्यात आहे. गाळाच नाही, तो सगळा मजला. समोरच्या सात टॉवरमध्ये त्याचे फ्लॅट किती आहेत ते विकीला विचारावं लागतं.

सद्गृहस्थ एकमेकांकडे बघत होते. एकाने खोकला काढला. तो खोकला नव्हता. मी लाभार्थीचं अंकज्ञान, गाडी, इमिटेशन, सगळं तक्त्यात दाखवत राहिलो, कारण तक्ता लॅमिनेट केलेला होता. काळुराम सगळं ऐकून शेवटी म्हणाला, मास्तरला काय बोलू नका हो, भला मानूस हाय, त्यालाच कायतरी काम बगा. गोदाने सगळ्यांना जेवायला बसवलं.

मी पण जेवलो. न जेवणं बरं दिसलं नसतं.

१२ मे.

खचून जाणारे वेगळे. आकडे नीट बघितले तर मॉडेल यशस्वी झालंय.

बेसलाइन, फेब्रुवारी: एक कौलारू घर, बेरोजगार, अंकज्ञान शून्य. एंडलाइन, मे: सात टॉवरमध्ये फ्लॅट, ऑफिसचा मजला, चारचाकी, सोनं. मध्ये काय घडलं? फक्त माझा संपर्क. विकसनशील जगात एवढ्या वेगाने दारिद्र्यातून बाहेर पडलेलं दुसरं कुटुंब असेल तर दाखवा. अहवाल तसाच पाठवला. शीर्षकात माझं नाव मोठ्या टाइपात.

१६ मे.

फेलोशिप कृतिकाला. शहापूरच्या.

तिने काय केलं तर म्हणे एका कातकरी कुटुंबाला विचारलं, काय पाहिजे? ते म्हणाले, रेशनकार्डावर नाव चढत नाही. मग ही तीन महिने त्यांच्याबरोबर तहसीलला रांगेत उभी राहिली. नाव चढलं. धान्य सुरू झालं. संपलं. याला रणनीती म्हणतात? रांगेत काय, कोणीही उभं राहतं. एक स्लाइड नाही, एक तक्ता नाही. नैरोबीला जाऊन ही काय दाखवणार, रांग?

माझ्या अहवालाबद्दल ब्रेंडा मॅडमनी एवढंच लिहिलंय की ऑफिसात सगळ्यांनी आवर्जून वाचला. म्हणजे दखल घेतली गेली.

ऐश्वर्याने दादाला फोन केला. मी आंघोळीला गेलो होतो. बादली भरून वाहत होती तरी नळ बंद केला नाही, बोलणं ऐकू येऊ नये म्हणून.

१९ मे.

अंधारात दिवा. काळुरामचा फोन. रविवारी २५ तारखेला विकीचा वाढदिवस, बाळकुमच्या मैदानात मोठा कार्यक्रम. विकी यंदा नगरसेवकाला उभा राहणार म्हणतात. काळुराम म्हणाला, मास्तर, तुला ष्टेजवर बोलवायचंय, विकीच्या हातानं. वहिनीला पन आन.

सत्कार! शाल, श्रीफळ, दोन शब्द. लोकांनी ओळखलं, फाउंडेशनने नाही. इतिहासात असंच होतं. विकी निवडून आला तर सल्लागार लागेलच. ठाणे महापालिका स्तरावर रिसबूड मॉडेल. स्टोअरकीपरचा प्रश्नच मिटला.

ऐश्वर्याला सांगितलं. तिने नवीन कोरी साडी काढली. बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे बघून हसली. खरं सांगायचं तर त्या हसण्यासाठीच मला ही फेलोशिप हवी होती.

२४ मे.

भाषण तयार. चाळीस मिनिटं. विषय: दारिद्र्य हटवताना आलेले अनुभव. तिसऱ्या पानावर टाळ्यांसाठी जागा सोडली आहे. कुर्त्याला इस्त्री. शाल अंगावर घेतल्यावर कुर्ता चुरगळणार नाही ना, ते ऐश्वर्याकडून बघून घेतलं. तिने माझ्या खांद्यावर चादर टाकून बघितली. दोघं हसलो.

२५ मे, रविवार. घरी येऊन लगेच लिहितोय.

मैदान भरलेलं. विकीचा फोटो कमानीएवढा. ऐश्वर्या पहिल्या रांगेत, गोदाच्या शेजारी. मला स्टेजच्या डाव्या बाजूला एका रांगेत बसवलं. माझ्या एका बाजूला पांढऱ्या साडीतल्या दोन म्हाताऱ्या, दुसऱ्या बाजूला कुबड्या घेतलेला रिक्षावाला. मला वाटलं, समाजाच्या सर्व थरांना स्थान दिलंय, चांगलं आहे. रिक्षावाल्याला माझ्या मॉडेलबद्दल थोडं सांगितलंही. तो म्हणाला, तुमाला पन पायाचंच हाय का?

मग सूत्रसंचालकाने जाहीर केलं, आता विकीशेठच्या हस्ते गरीब व गरजूंना मदत. म्हाताऱ्या उठल्या. रिक्षावाला उठला. आणि मग माझं नाव. डोंबिवलीचे प्रशांत मास्तर, नोकरी गेलेली, घर भाड्याचं, वहिनी एकट्या कमावतात, तरी आपल्या दिशाताईच्या हळदीला त्यांनी बोकड आणला. आख्ख्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यांना मिळाल्या त्यापेक्षा जास्त.

विकीने माझ्या हातात पिशवी दिली. तांदूळ, तूरडाळ, साखर, तेलाचा डबा. वर विकीचा फोटो. फोटोवाला म्हणाला, मास्तर, पिशवी जरा वर धरा. काळुराम मागून पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाला, घे र, लाजू नको.

माइक माझ्या तोंडासमोर होता. भाषण खिशात होतं. चूक होतेय, मी तो नाही, एवढं म्हणायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. समोर ऐश्वर्या खाली बघत होती. मला लाज वाटली, इतकी की कान गरम झाले. मी म्हणालो, थँक यू. पिशवी वर धरली.

पिशवी घेऊन बसस्टॉपकडे चालत निघालो. अर्ध्या वाटेत ऐश्वर्याने पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला.

२६ मे.

सकाळी ती डाळ लावली. ऐश्वर्या म्हणाली, डाळ चांगली आहे, लगेच शिजते. मी म्हणालो, हो.

पिशवीत विकीच्या फोटोचं एक कार्ड निघालं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कार्ड दाखवून सामान न्यायचं. ऐश्वर्याने कॅलेंडर पाहिलं आणि कार्ड फ्रिजला लावलं. दादाला मी विचारून घेतलंय. रविवारी स्टोअर बंद असतं.